चिंगीच्या नावे आवाजाचे दुकान

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा गाड्यांमध्ये स्पीकर, सबवूफर आणि अँप्लिफायर बसवण्याचा, माझ्या पश्चात कोणाला काय जावे हे राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. शस्त्रक्रिया हृदयावर झाली, डोक्यावर नाही. कोणी भरीस घातलेले नाही. वकीलबाईंनी मजकूर आटोपशीर ठेवायला सांगितले होते, ते मात्र जमलेले नाही.

कलम १. दुकानावरच्या दोन खोल्या, गच्ची आणि बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीला. खाली धडधडणाऱ्या पेट्यांवर तिने संसार केला. फडताळातल्या कपबशा हादऱ्याने कडेला येत, ती त्या मागे सरकवी आणि मला बोल लावत नसे. (लावत असे, पण चहा दिल्यावर.) तिच्या हयातीत या खोल्या कोणी विकू नयेत.

कलम २. जुनी निळी गाडी माझी एकुलती मुलगी चिंगी हिला. कागदोपत्री असलेले नाव वकीलबाई जोडपत्रात घालतील. आम्हाला ती चिंगीच. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी गाडीत बसवले की ती रडून आकांत करी. एकदा मी मागच्या सीटखाली बसवलेली सबवूफरची, म्हणजे खर्जाच्या धडधडीची, पेटी तपासत होतो आणि पत्नी तिला घेऊन मागे बसली होती. आवाज सुरू केला आणि रडणे थांबले. मला वाटले, दमून झोपली.

"अहो, मागे बघा," पत्नी म्हणाली. "ही हसतेय."

पोरीने दोन्ही तळवे सीटवर दाबून धरले होते. त्यानंतर मी तिला घेऊन विनाकारण चकरा मारू लागलो. शेजारी हसत. हसोत.

कलम ३. दुकान, त्यातील माल आणि गिऱ्हाइकांची सदिच्छा, सर्व चिंगीला. काही नातेवाइकांच्या कपाळाला आठ्या पडतील, म्हणून कारण लिहितो. चिंगी पेटीवर तळवा ठेवून आवाज तपासते. आवाज स्वच्छ असेल तर पेटी धडधडते, फाटत असेल तर खरखरते. तो फरक तिच्या हाताला आधी कळतो, माझ्या कानाला मागून.

तिच्यासाठी दोन शब्द, तिला ठाऊक असले तरी. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये, तो क्षणभराच्या उसळीचा असतो. सबवूफर सतत किती वॉट पेलतो ते पाहावे, त्याचे ओहम पाहावेत आणि त्या ओहमवर तेवढी ताकद सहज देणारा अँप्लिफायर निवडावा. ताकद कमी, म्हणून धोका कमी, असे समजू नये. दम नसलेल्या अँप्लिफायरला ओरडायला लावले की आवाज फाटतो, आतली कॉइल तापते आणि धडधाकट सबवूफर जळून जातो. बाकी, बाळ, दुपारचे जेवण चुकवू नकोस.

कलम ४. धाकट्या भावाबद्दलची माझी अढी कोणालाही देत नाही. ती येथेच संपवतो.

ती अशी पडली. आम्ही दोघे मिळून दुकान चालवत होतो. एका टॅक्सीवाल्याला मोठा सबवूफर हवा होता, खिसा लहान होता. धाकट्याने त्याला दुबळा अँप्लिफायर जोडून दिला. छोटा अँप्लिफायर मोठ्या सबवूफरचं काय वाकडं करणार, असे त्याचे म्हणणे. चिंगी नुकतीच कामाला लागली होती. तिने पेटीवर हात ठेवला आणि खुणेने सांगितले, हे काढा, याला त्रास होतोय.

धाकटा म्हणाला, "दादा, तिला काय कळतंय आवाजातलं?"

पुढे सबवूफर जळाला. ते मी विसरलोही असतो. पण हे वाक्य तो तिच्यासमोर बोलला होता, आणि ती त्याच्या ओठांकडे पाहत होती. मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. त्याने मागच्या गल्लीत वेगळे दुकान थाटले. कित्येक वर्षे आम्ही एकमेकांना पाहून रस्ता बदलत होतो.

गेल्या हिवाळ्यात मी इस्पितळात पडलो, तेव्हा तो कोणी न बोलावता आला. स्वतःचे दुकान बंद ठेवून चिंगीबरोबर आमचे चालवू लागला. पत्नी मला सांगत असे, मी भिंतीकडे तोंड करून ऐकत असे. मग एके दिवशी तो मला भेटायला आला. कोणाच्या गाडीत काय बसवले ते सांगू लागला, आणि बोलता बोलता त्याचे हात हलत होते. दिवसभर चिंगीशी खुणांनी बोलून त्याला तशी सवयच जडली होती. त्याचे त्याला कळले नाही. मला कळले. मी त्याला खाटेवर, जवळ बसायला सांगितले.

कलम ५. वडिलांकडून आलेली लाकूडकामाची हत्यारे, पटाशा, रंधा आणि करवती, धाकट्याला. स्पीकरच्या लाकडी पेट्या तोच माझ्यापेक्षा सफाईदार करतो. हे तोंडाने म्हणायला मला जड जाते, म्हणून लिहून दिले.

सहीपूर्वी घातलेली पुरवणी. आज सर्वजण जमले असता दुसरे साक्षीदार, कोपऱ्यावरचे टायरवाले, येऊ शकले नाहीत. धाकट्याने पेन उचलले. वकीलबाईंनी त्याला थांबवले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, सही केल्यास हत्यारांवर पाणी सोडावे लागेल, असे समजावले.

"सोडतो," धाकटा म्हणाला. "हत्यारं दुकानातच राहू देत. चिंगीला लागतील."

तेच त्याने चिंगीला हातांनी सांगितले. तिने त्याच्याकडे पाहिले आणि हातांनीच उत्तर दिले. वकीलबाईंसाठी ते पत्नीने बोलून दाखवले: "ती म्हणतेय, मग काका, तुम्हालाही दुकानातच राहावं लागेल."

म्हणून कलम ५ रद्द. हत्यारे दुकानाबरोबर. धाकटा डोळे पुसतो आहे, त्यामुळे त्याची सही जरा वाकडी येईल. ती त्याचीच असेल, याची ग्वाही मी आधीच देतो.

स्थळ: दुकानावरची पुढची खोली
दिनांक: १४ मार्च

(सही) मृत्युपत्र करणारा

आमच्यासमक्ष आणि एकमेकांसमक्ष सही झाली:
(सही) समोरचे सीट-कव्हर शिवणारे, साक्षीदार
(सही) धाकटा भाऊ, साक्षीदार