बोनीच्या कागदावरची सही

गुदैबिया, बहारिन
३ ऑक्टोबर १९८१

चि. सेलिनला इलायसदादाचे अ. उ. आ.

तुझं लग्न सव्वीस डिसेंबरला ठरल्याचं वाचून फार आनंद झाला. पप्पांच्या जागी हात धरून तुला देवळात मीच नेणार. लीव्ह मंजूर आहे.

अडचण बोनीची आहे. आमचे साहेब विलायतेला परतताना हा कुत्रा माझ्या नावावर करून गेले. ऑगस्टमध्ये मी फाटकाची कडी लावायला विसरलो आणि तो गॅसवाल्या ताहिरच्या पोटरीला कडकडून चावला. चूक माझी, तसं लिहूनही दिलं. चौदा दिवस पोटात इंजेक्शनं, रोज मीच ताहिरला टॅक्सीने दवाखान्यात नेत होतो. ताहिरच्या तक्रारीवरून नगरपालिकेच्या कचेरीने बोनीला धोकादायक ठरवलंय. बाहेर काढताना तोंडाला जाळी, गळ्यात साखळी, फाटकावर पाटी. मी देशाबाहेर गेलो तर दुसऱ्या कुणी जबाबदारीची सही करायची, नाहीतर कुत्रा त्यांच्या ताब्यात. म्हणजे मारणार. रूमवरचा जॉन म्हणतो, हवं तर रक्त माग, सही मागू नकोस. सही मिळाली नाही तर कसा निघू, कळत नाही.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा
इलायसदादा


वसई
२४ ऑक्टोबर १९८१

ती. दादास सेलिनचा सा. न.

आई म्हणते, कुत्र्याला होडीत बसवून खाडीपलीकडे सोडून ये. तिला बहारिन म्हणजे आपलं शेजारचं अर्नाळा वाटतं.

दादा, मी रागावले आहे. वधूला कोण आणणार असं फादरांनी विचारलं, तेव्हा दादाचं पत्र आलं की सांगते म्हणाले. मामा तयार आहे, पण मला तू हवास. आणि माझ्या लग्नापायी तो मुका जीव मारला, असंही व्हायला नको. आता तूच ठरव.

जेवणाची हयगय करू नकोस. माया असू दे.

तुझी
सेलिन


गुदैबिया
२१ नोव्हेंबर १९८१

चि. सेलिनला अ. उ. आ.

तिकीट काढलं. वीस डिसेंबरला पोचतो.

सहीची मुदत गुरुवारी संपत होती. दहा जणांना विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. ताहिरला विचारायची मला लाज वाटली. बुधवारी सिलिंडर घेऊन आला तेव्हा त्यानेच विचारलं, बहिणीच्या लग्नाचं तिकीट काढलं का. मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, सही मी करतो. मी त्याला वेड्यात काढलं. त्याचं म्हणणं असं की बाकी कुणीही दोन दिवसांत दया येऊन जाळी काढेल, आणि बोनी चावतो कसा हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे.

कचेरीतून बाहेर पडल्यावर मला रडू आलं. ताहिर मात्र घाईत होता, गाडीत अजून सिलिंडर होते. आत शिक्का मारण्याआधी कचेरीतल्या साहेबांनी फाईल दोनदा उलटसुलट चाळली होती. तक्रार करणाऱ्याचं नाव आणि जबाबदारी घेणाऱ्याचं नाव एकच कसं, हे त्यांना काही केल्या पटेना.

प्रेम आहे तसंच राहू दे.

तुझा
इलायसदादा