तीन काळ्या गोळ्या

१२ मार्च १९८८

केलं. केलं मी! काळी गोळी टाकली — ज्याचं नाव मीच सुचवलं त्याच्यावर.

गुणाजी. बाळकुमच्या कोळीवाड्यातला. कंपनीत माझ्या हाताखाली ड्रॉइंग वाचायला शिकला. डिसेंबरात मीच म्हणालेलो, "अरे, आमच्या फ्रीमेसन लॉजमध्ये ये, चांगली माणसं भेटतील." सभासदत्वाचा अर्जही मीच भरला. आणि फेब्रुवारीत कंपनीने त्याला मॅनेजर केलं. ज्या खुर्चीसाठी मी अकरा वर्षं थांबलोय, तिच्यावर!

आज त्याच्यासाठी मतदान. पांढरी गोळी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. गोळी मुठीत धरून पेटीत सोडायची, कोणी काय टाकलं ते कोणालाच कळत नाही. तीन काळ्या पडल्या तरच माणूस बाद. म्हटलं, माझ्या एकीने काय होतंय? पोटातली जळजळ तरी शमेल.

लॉजच्या प्रमुखांनी, मास्टरांनी, पेटी उघडली. बरोब्बर तीन.

१३ मार्च

शुभदा विचारते, चेहरा का उतरलाय? बायकोच ती, तिला दिसणारच. म्हटलं, पित्त.

१५ मार्च

गुणाजीला कॅन्टीनमध्ये नाव बाद झाल्याचं सांगितलं. त्याने आपला चहा माझ्यापुढे सरकवला. मग माझीच समजूत घालायला लागला — "साहेब, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तुम्ही तर माझ्या बाजूने उभे राहिलात."

अजून मला साहेब म्हणतो! आता साहेब तो आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० मार्च

त्याची आई चंद्रभागाबाई आज भलामोठा जिताडा घेऊन दारात. "माझे पोराचा तुमी लय केलाव, भाऊ." आम्हा सीकेप्यांना मासा म्हणजे जीव की प्राण, शुभदाने लगेच चिरायला घेतला. पानात वाढला, तर मी पहिल्या घासालाच पान बाजूला सारलं. "काटा लागला का?" हो म्हटलं.

९ एप्रिल

लॉजच्या पत्रकात थोर बंधूंची (सभासदांना आम्ही बंधूच म्हणतो) चरित्रं मी लिहितो. या खेपेला जुने डॉक्टर परशुरामपंत. आपल्या दवाखान्यातल्या झाडूवाल्याला लॉजमध्ये आणून शेजारी जेवायला बसवणारे! 'इथे सगळे एका पातळीवर' हे त्यांचं वाक्य उतरवलं आणि पेन खाली ठेवलं.

खुर्ची हे निमित्त. मूठ पेटीत होती तेव्हा मनात आलेलं — कोळ्याचा पोरगा माझ्या बरोबरीने बसणार? शी! कागदावर लिहितानाही लाज वाटते. आणि हा मी थोरांची चरित्रं लिहिणार. ढोंगी!

२ ऑक्टोबर

आजही त्याला सांगितलं नाही. भित्रा.

४ फेब्रुवारी १९८९

लॉजच्या नियमाने पुढच्या वर्षी पुन्हा नाव देता येतं. गुणाजी नको नको म्हणत होता — "एकदा नाक कापलं ते पुरे झालं, साहेब." मी हट्टच धरला. अर्ज भरून घेतला. या वेळी पांढरी टाकली की झालं, मग त्याला काही सांगायची गरजच नाही. किती हलकं वाटतंय! शुभदाला म्हटलं, आज मासे आण.

११ मार्च १९८९

दोनदा बघून पांढरी टाकली. तरी तीन काळ्या.

बाहेर पडताना सेक्रेटरी श्रीपाद, माझा वीस वर्षांचा दोस्त, कानाशी लागला. "सांगू नये, पण यातली एक माझी. मागच्या वर्षी मी पांढरीच टाकलेली रे. पण तेव्हा तिघांनी उगीच का नाकारलं असेल? त्यांना त्याचं काहीतरी ठाऊक असणारच ना!"

गुणाजी फाटकाशी उभा होता. इस्त्रीचा नवा शर्ट. मी जाऊन सांगितलं — मागच्या वर्षीच्या तीन काळ्यांतली एक माझी होती.

त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं. मग म्हणाला, "बरं. येतो, विश्रामराव."

साहेब नाही म्हणाला.