वकील नको, अशी सही

प्रिय जिंगशान,

हे पत्र मी तुरुंगात पाठवणार नाही. तेवढी हिंमत नाही माझ्यात.

तुला पकडल्यावर तुझ्या बायकोनं, युनछिननं, वकील शोधायला तीन शहरं पालथी घातली. लोकांचे खटले लढवणाऱ्या तुझ्यासाठी उभा राहायला एकच वकील तयार झाला. आठवड्याभरातच दोन पोलीस माझ्या दारात आले. "मावशी, मुलगा शाळेत मास्तर आहे ना तुमचा? छान नोकरी आहे," म्हणाले आणि कागद पुढे केला. घरच्यांना हा वकील नको, सरकार देईल तो चालेल, असं त्यात लिहिलं होतं. मी सही केली. वर त्यांना चहाही पाजला.

काल वीस मिनिटांत खटला संपला. चार वर्षं. सरकारनं दिलेला वकील तोंडातून अक्षर काढीना.

युनछिननं कोर्टातूनच फोन केला. "वन्सं, 'माझा वकील कुणी काढला?' असं त्यांनी विचारलं. न्यायाधीशांनी तुमचं नाव वाचलं."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाले, 'ताईला बोल लावू नका. तिला फार धमकावलं असणार.'"

मी फोन ठेवून दिला.

जिंगशान, त्यांना साधा आवाजही चढवावा लागला नाही रे.

तुझी ताई,
श्यूमेई