फक्त तुम्हालाच ठाऊक असेल असं

८ सप्टेंबर
रोजनिशी लिहिणाऱ्या बायकांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी आज ही वही उघडली आहे, कारण माझ्या मुलीनं मला अट घातली आहे. लारिसा कॅनडाच्या पार दुसऱ्या टोकाला, हॅलिफॅक्सला असते. तिचं म्हणणं असं: माझा नवरा ओरेस्ट गेल्यावर मी ब्रँडनचं घर विकून इथे गिमलीला, सरोवराकाठी, एकटी राहायला आले, ठीक. पण कॉम्प्युटर माझा मला चालवता आला पाहिजे. बँकेची कामं, औषधांची मागणी आणि दर रविवारी तिच्यासमोर तोंड दाखवणं, सगळं त्यावर. हिवाळ्यापर्यंत जमलं नाही, तर मुकाट्यानं तिच्या तळघरातल्या खोलीत राहायला जायचं.

मी शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. मुलींना एकच सांगायची: जे केलंत ते त्याच दिवशी लिहा, आठवणीवर सोडू नका. तेव्हा ही माझी प्रयोगवही समजावी.

घर छान आहे. पिवळं, बुटकं, खिडकीतून नुसतं पाणीच पाणी. शेजारणीनं जर्दाळूंच्या थरांचा केक आणून दिला आणि आत डोकावून पाहण्याची सोय करून घेतली. हे घर योनासन नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याचं. तो आता गावातल्या वृद्धाश्रमात असतो. त्याच्या मुलानं सामानासकट घर विकलं. सामानात स्वयंपाकघरातल्या टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबाही आला. जुना आहे, पण चालतो.

सरोवरावरून वारा येतो. मी फार दिवसांनी गाणं गुणगुणले.

१० सप्टेंबर
आज डॉरी मॅग्नुसन आली. ती गळाला लावायच्या किड्यांचं दुकान चालवते आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करते. सकाळी किड्यांत हात, दुपारी कॉम्प्युटरमध्ये, फरक फारसा जाणवत नाही म्हणाली. तिनं म्हाताऱ्याचं सगळं पुसून टाकलं आणि मला नवा पासवर्ड ठेवायला सांगितलं. वाढदिवस नको, मांजराचं नाव नको.

मांजर नाही, मी म्हणाले.

"मग त्यासाठी मुद्दाम पाळू नका. असं काहीतरी टाका, बाई, जे फक्त तुम्हालाच ठाऊक असेल. आणि कुठे लिहू नका. लोक कीबोर्डाखाली चिठ्ठी चिकटवतात आणि स्वतःला फार हुशार समजतात."

पासवर्डाच्या चौकटीखाली एक बारीक पट्टी आहे. तकलादू असेल तर लाल होते, मजबूत असेल तर हिरवी. मी ब्रँडनच्या शाळेचं नाव आकडे जोडून टाकलं. लाल. पोटॅशियम परमँगनेटचं सूत्र टाकलं. लाल. मग मला ओरेस्ट कुणी नसताना ज्या नावानं हाक मारायचा, ते आठवलं. ते तिसऱ्या माणसाला ठाऊक नाही. चार अक्षरं टाकली नाहीत तोच पट्टी हिरवी झाली. डॉरीनं तोवर सभ्यपणानं खिडकीकडे तोंड केलं होतं.

ते नाव मी इथेही लिहीत नाही.

१४ सप्टेंबर
लारिसाशी समोरासमोर बोलले. "आई, मला तुझं नुसतं कपाळ दिसतंय. मुख्याध्यापकांसारखी वरून बघू नकोस, स्क्रीन खाली वाकव." वाकवली. मग बरं चाललं. मी तिला माझ्या हातानं भरलेलं विजेचं बिल दाखवलं. तिला हसू आवरेना. तळघरातली खोली आता भाड्यानं द्यायला हरकत नाही, म्हणाली.

काम झालं की कॉम्प्युटर बंद करते. वीज फुकट येत नाही.

१९ सप्टेंबर
एक विचित्र गोष्ट. जशी घडली तशी लिहिते.

सकाळी झाडलोट करताना कपाटावर चौकटीतला फोटो दिसला. होडीत बसलेला मोठ्या कानांचा एक माणूस. वाटलं, योनासनच्या घरचं कुणीतरी असेल, मुलाला परत पाठवावा. कागदात गुंडाळून ठेवला. जेवणानंतर कॉम्प्युटर लावला. पासवर्ड बोटांनीच टाकला, मी विचारही केला नाही. स्क्रीन उजळली आणि मी इतकी ताडकन उठले की खुर्ची मागे पडली.

फोटोतला माणूस ओरेस्ट होता. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी त्याला जुन्या वर्तमानपत्रात बांधून ठेवला होता.

घर बदलण्याचा शीण असेल.

२० सप्टेंबर
शीण नाही. पडताळून पाहिलं.

कॉम्प्युटर बंद केला, फोटो समोर ठेवला. कोण ते सांगता येईना. वही वाचली. 'ओरेस्ट' हा शब्द स्वच्छ दिसत होता, पण एखाद्या गावाचं नाव वाचावं तसा. कॉम्प्युटर लावला. पासवर्ड बोटांनीच टाकला. ओरेस्ट परत आला, त्याच्या खोकल्यासकट. पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. दर वेळी तेच.

मग म्हटलं, पासवर्डच बदलावा, म्हणजे तो सुटेल. हवं ते टाकून पाहिलं. फुलांची नावं, आकडे, कवितांच्या ओळी. सगळं लाल. नवा म्हणून जुनाच पुन्हा टाकला, तर म्हणे एकदा दिलेला परत घेता येत नाही.

डॉरीला फोन करून पट्टीबद्दल विचारलं. "बाई, घरच्या कॉम्प्युटरला अशी पट्टी नसते," म्हणाली.

कॉम्प्युटर आता चालूच ठेवणार.

२७ सप्टेंबर
दुपारी वादळ झालं आणि वीज गेली. ती आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला, पण आत जाऊ देईना. तुमच्या पासवर्डाची मुदत संपली, नवा द्या. डॉरी शपथेवर सांगते की मुदतीची भानगड तिनं स्वतः बंद केली होती. बॅटरीचा डबा विनिपेगहून मागवते, तो असला की वीज गेली तरी चालू राहील, म्हणाली.

मी वही वाचली. लिहिणारीच्या शब्दावर माझा विश्वास आहे, ती मीच आहे. आत माझा नवरा आहे असं ती म्हणते. मला तसं काही वाटत नाही. पण उद्या रविवार. कॉम्प्युटर उघडला नाही, तर लारिसा पहिल्या विमानानं येऊन मला घेऊन जाईल.

आई आठवली. मी कॉलेजला निघाले तेव्हा आगगाडीच्या दारात ती माझ्या कानात एक वाक्य बोलली होती. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला जाऊन तीस वर्षं झाली. मेलेल्या माणसाचं काय जाणार, असं मला वाटलं.

पट्टी पहिल्याच अक्षराला हिरवी झाली.

उघडला. ओरेस्ट आला. आईही अजून आहे. पण आता ती कुठून येते आहे, ते मला ठाऊक आहे.

३ ऑक्टोबर
वृद्धाश्रमात जाऊन योनासनला भेटले. परिचारिका सांगत होती, त्याचा मुलगा दर रविवारी येतो आणि म्हातारा त्याला विमा विकायला आलेला माणूस समजून हाकलतो. वय झालं, म्हणाली.

म्हातारा खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी. त्याची बोटं घोंगडीवर टकटक चालली होती, थांबत नव्हती. मी त्याच्या घरात राहते असं सांगितलं. त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"उघडं आहे का ते?"

हो, म्हणाले.

तो रडायला लागला. मला आत सोडा, फक्त एकदा, त्यांच्याशी बोलायचं आहे, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. कुणाशी, ते त्याला सांगता येईना.

डॉरीनं त्याचं सगळं पुसून टाकलं होतं. मी हे त्याला सांगितलं नाही.

१२ ऑक्टोबर
लारिसानं थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की भाजली होती, ती मला स्क्रीनवरून दाखवली. मी बिटाचं सार केलं होतं, ते मी दाखवलं. झोपतेस का, तिनं विचारलं. डोळ्यांखाली बघ काय झालंय. मी म्हणाले, दिवा वाईट आहे.

इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे जी कोणी हे वाचेल तिला कळेल: लारिसाला पासवर्डात द्यायचं नाही. काही झालं तरी.

बॅटरीचा डबा अजून आलेला नाही.

२२ ऑक्टोबर
वारा. जेवणाच्या वेळी वीज गेली.

२३ ऑक्टोबर
स्क्रीनवर तेच. नवा द्या.

वही वाचली. एक नवरा आणि एक आई आत आहेत. दोघांशीही माझी ओळख नाही. लिहिणारी बाई फोटो पाहून खुर्चीवरून उठते. मला तसं काही होत नाही. मग इथेच थांबावं. डब्यावर चादर टाकली.

घरात फार शांत आहे. मी कुणाची कोण, हे शोधत गेलं की दोन-तीन पायऱ्यांवर लारिसा भेटते आणि पुढे काही नाही. भिंत नाही, खाली जमीन नाही.

२६ ऑक्टोबर
लारिसाचा फोन. साधाच, कारण मी रविवारी दिसले नाही. आज तिच्या वडिलांचा स्मृतिदिन आहे. एक वर्ष झालं. ती रडत होती.

"आई, बाबांबद्दल काहीतरी सांग ना. काहीही. ते मासे साफ करताना काय बडबडायचे, ते सांग."

मी वही चाळली. मोठे कान, असं सांगितलं. खोकला, असं सांगितलं. ती म्हणाली, तू त्यांच्याबद्दल असं बोलतेस जणू कुणी भाडेकरू होता. आणि फोन ठेवला.

माझी मुलगी माझ्याकडे एवढंच मागत होती.

चादर काढली. सगळं टाकून पाहिलं. शिक्षकांची, मैत्रिणींची, रस्त्यांची नावं. लाल, लाल. आता माझ्याकडे खरं असं एकच उरलं होतं. ती जन्मली त्या पहाटे मी तिला जे म्हणाले होते, ते.

चालू आहे तोवर ती माझीच आहे. बंद होऊ द्यायचं नाही, एवढंच.

टाकलं.

तासभर बोललो. मासे साफ करताना ओरेस्ट काय बडबडायचा, ते सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मी गेल्या कित्येक महिन्यांत इतकी सुखी नव्हते.

३१ ऑक्टोबर
बर्फ. दिवे थरथरतात. मी टेबलाशीच बसते, टेबलाशीच जेवते. डॉरी म्हणते, बॅटरीचा डबा निघाला आहे, विनिपेगला अडकला आहे.

२ नोव्हेंबर
वीज गेली. आली.

४ नोव्हेंबर
एका बाईचा फोन येतो. सारखा. मला आई म्हणते. चुकीचा नंबर, असं मी सभ्यपणानं सांगितलं. ती किंचाळली. मी फोन ठेवला.

वहीत कुणा लारिसाबद्दल पानंच्या पानं आहेत. अक्षर माझं. तिला द्यायचं नाही, असं लिहिलं आहे. दिलं वाटतं.

स्क्रीन नवा मागते. माझ्याकडे हिरवं होईल असं काही —

सगळं लाल आहे.

९ नोव्हेंबर
लिहिते घाईनं. लारिसा आली आहे. माझी लारिसा, माझ्या समोर, लाल कोट, बुटांवर बर्फ. सकाळी मी तिला दारातूनच परत पाठवत होते. ती आत घुसली, वही वाचली, टेबलाशी बसली. कॉम्प्युटरला हात लावू नका, असं मी तिला दरडावलं. तिला वाटलं, मला भ्रम झाला आहे आणि कारण या डब्यात आहे, कुणीतरी यातून मला फसवलं आहे. तिला आत पाहायचंच होतं. स्क्रीननं नवा मागितला. तिनं काहीतरी टाकलं.

हिरवी. आणि सगळे परत आले — ओरेस्ट, आई, ही.

काय टाकलंस, मी ओरडून विचारलं. ती माझ्या गळ्यात पडली होती, रडत हसत होती. "तुझंच आहे, आई. फक्त मलाच ठाऊक असलेलं."

मी तिला सांगते आहे, नीट सांगते आहे, पण ती माझे केस कुरवाळते आणि हो हो म्हणते. हा डबाच तुला खातोय, म्हणते, मी तो डॉरीकडे नेऊन देते, मग तुला घेऊन घरी जाते. लारिसा, बस. वायरीला हात लावू नकोस. ती ऐकत — टेबलाखाली वाकली आहे, मी तिचा कोट धरला आहे पण — लारिसा —

९ नोव्हेंबर, नंतर
स्वयंपाकघरात एक बाई उभी आहे. चाळिशीची, लाल कोट. हातात कॉम्प्युटरचा डबा. आपण कुणाच्या घरी आलो आहोत हे तिला आठवत नाही. तिनं दोनदा माफी मागितली. चांगल्या वळणाची दिसते. डबा गावात कुणा डॉरीकडे पोचवायचा आहे, एवढं तिला ठाऊक आहे. मी म्हणाले, न्या. पण घरातून वस्तू जाते तेव्हा नोंद हवी.

दिलं: कॉम्प्युटरचा डबा, एक. स्क्रीन, एक. कीबोर्ड आणि माऊस. वायरी, सगळ्या. पासवर्ड दोघींनाही माहीत नाही.

देणारी: एडना स्टासिऊक.

घेणारी: नाव विचारलं. लारिसा स्टासिऊक, म्हणाली. मी लिहिता लिहिता थांबले. तीही थांबली. इकडे हे आडनाव फारसं आढळत नाही. तिनं डबा खाली ठेवला आणि विचारलं, आपलं काही नातं —