दुर्बीण, तिचा माउंट आणि मी घासलेला आरसा यांच्या व्यवस्थेबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, देवदयेने पूर्ण शुद्धीत असून, सकाळची पूजा आणि चहा आटोपून, कोणाच्याही दडपणाशिवाय केवळ स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहीत आहे. ही अक्कल कितपत भरवशाची, ते कलम तीनमध्ये कळेलच.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव एकुलत्या मुलाला. त्यात वाद नाही, म्हणून शाई वाया घालवत नाही.

कलम २. देवघर भांड्यांसह धाकट्या जाऊबाईंना. त्या माझ्यापेक्षा कमी बोलतात. देवालाही जरा विसावा मिळेल.

कलम ३. आयुष्यभर डोळे मिटून देवाचे नाव घेतले, आता डोळे उघडून त्याचा कारभार पाहावा आणि त्याचे फोटो काढावेत, असे बासष्टाव्या वर्षी मनात आले. दुर्बिणी विकणारे चष्मेवाले म्हणाले, "बाई, फोटो काढायचेत ना? मग आधी चांगला माउंट घ्या. आकाश सरकतं तशी नळी फिरवतो तो. नळी लहान असली तरी चालेल."

मी म्हटले, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला? मला नाही परवडत."

आणि हंड्याएवढी आरशाची दुर्बीण काडीपैलवान तिकाटण्यावर बसवून आणली. पहिल्या फोटोत तारे नव्हते, सुरवंट होते. शिवाय शुभकार्य म्हणून ती अकरा दिवस पूर्वेकडे तोंड करून मांडली होती. चष्मेवाल्यांनी घरी येऊन कपाळावर हात मारला. शेवटी माउंट घेतलाच. ही बचत मला दुप्पट महाग पडली. इतरांनी धडा घ्यावा.

कलम ४. सदर माउंट व नंतर घेतलेली भिंगाची लहान दुर्बीण सुनेला. मुलाने ती विकायची भाषा काढू नये. मांडताना पाय आधी समतल करावेत, अक्ष ध्रुवाकडे रोखावा, पूर्वेकडे नव्हे. आधी तोल साधणारे वजन चढवावे, मग नळी. काढताना आधी नळी, मग वजन. मी एकदा उलटे केले. उजव्या पायाचा अंगठा साक्षीला आहे.

कलम ५. मोठ्या दुर्बिणीचा आरसा सात वर्षांपूर्वी सुनेने पुसताना खराब केला, असे या घरात धरून चालतात. ते खोटे आहे. तिने फक्त नळीवरची धूळ झटकली होती. आरसा मी काढला आणि देवाची भांडी घासायच्या पावडरीने घासला. इतका लख्ख केला की वरची चकाकी निघून पलीकडची फरशी दिसू लागली. मुलगा तिच्यावर ओरडला, "तुला हात लावायला कोणी सांगितलं होतं?" मी देवघरात होते. जपमाळ थांबवली नाही. तेवढ्यात तीन माळा झाल्या. त्या देवाने माझ्या खात्यात धरल्या नसाव्यात.

तेव्हापासून सून गच्चीच्या दारातच उभी राहते. "शनी दिसतोय, ये," म्हटले तर म्हणते, "नको आई, तुम्ही बघा. माझा हात लागायचा." त्याआधी माझ्यापेक्षा लवकर तारे तिलाच सापडत.

कलम ६. वरील कलमाचा कच्चा मसुदा काल सुनेला वाचून दाखवला. मला वाटले, डोळे पुसेल. ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही गेल्यावर सगळ्यांना कळणार? मग मी भांडू कोणाशी, तुमच्या फोटोशी?"

मी म्हटले, "अगं, लाज वाटते."

"मला सात वर्षं वाटली, आई. तुम्ही एक संध्याकाळ काढा."

सबब कलम पाच माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. आज रात्री, मुलाने पहिला घास घेण्याआधी, मी ते उभी राहून मोठ्याने वाचीन. त्याने मला "आई, जाऊ दे" म्हटल्यास ते ग्राह्य धरू नये. त्याने बायकोकडे वळून बोलावे. बाकीच्या कलमांना घाई नाही.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : ९ डिसेंबर, अमावास्या, आकाश निरभ्र

(सही) लिहून ठेवणार

आमच्यासमक्ष सही केली. बाई शुद्धीत आहेत, थोड्या घाबरल्या आहेत.
साक्षीदार १ : घरचे डॉक्टर
साक्षीदार २ : चष्मेवाले (जेवायला थांबणार आहेत, बाईंच्या विनंतीवरून)