अशी कोणी बाई नव्हती

३ मार्च, सोमवार

आजपासून मी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात नकलनवीस. ताईला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, पदाचं नाव तरी जरा सोपं घ्यायचंस गं, शेजारणीला सांगताना माझी बोबडी वळेल. मग तिला उलगडून सांगितलं. लोक जुन्या खटल्यांचे कागद मागायला येतात. ते मी शोधायचे, त्यांना बघू द्यायचे, हवी असेल तर नक्कल काढून शिक्का मारून द्यायची. म्हणजे पगार घेऊन धूळ झाडायची, असं तिने एका वाक्यात आटोपलं. चव्वेचाळीस वर्षांची झाले तरी तिच्या लेखी मी शेंबडीच.

खोली मला पाहताक्षणी आवडली. तळमजल्याला, लांबच लांब, छतापर्यंत लोखंडी रॅक आणि त्यांवर लाल फडक्यात बांधलेले बस्ते. चाकांची शिडी आहे, ती ढकलली की कण्हते. दर्शनी भिंतीत जाळीची खिडकी, खाली हात जाईल एवढी फट. खिडकीवर पाटी: निकाली प्रकरणांचे कागद कोणाही नागरिकास पाहता येतील. कोणाही! मी ती पाटी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली.

हेडक्लार्कना सगळे अण्णा म्हणतात. अभिमानाने म्हणाले, बाई, इथे कागदावर जे आहे तेच असतं, बाकी सगळ्या बाहेरच्या गप्पा. त्यावर शिपाईमामा म्हणाले, बरोबर आहे, अण्णांच्या सर्व्हिस बुकात केस काळे आणि दाट असे लिहिलेत. अण्णांनी टक्कल चोळलं आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

एका शिंप्याच्या दुकानावर खोली घेतली आहे. खाली मशीन चालू असलं की जमीन किंचित थरथरते. कुशीत मांजर गुरगुरावं तशी. मला आवडतंय.

६ मार्च, गुरुवार

काम अंगवळणी पडू लागलंय. आज एका माणसाला त्याच्या आजोबांच्या बांधावरच्या भांडणाचा निकाल काढून दिला. वाचून तो म्हणाला, म्हणजे चूक आमच्याच म्हाताऱ्याची होती की! तरी खूश होऊन गेला. खरं कळलं की माणूस हलका होतो, ते सोयीचं नसलं तरी.

माझ्या टेबलामागच्या खुंटीवर एक निळा स्वेटर आहे, बायकांचा. डाव्या बाहीला शाईचे डाग. कोणाचा म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, असेल कोणाचातरी. अण्णा म्हणाले, तुमची जागा नवीन निर्माण झाली आहे, तुमच्याआधी इथे कोणी बाई नव्हती. विचारलं होतं स्वेटरचं, उत्तर मिळालं बाईचं. असो. घरी नेऊन धुतला. मला अगदी बेतल्यासारखा बसतोय.

१० मार्च, सोमवार

आज ऑफिसातल्यांची ‘सोमवारवाली’ आली; गेल्या सोमवारी ती येऊन गेली तेव्हा मी आत रॅकांमध्ये होते. सत्तरीच्या आजी आहेत, एका खांद्याने झुकलेल्या. अकरा वर्षं दर सोमवारी येतात, चिठ्ठीवर एकच नंबर लिहून देतात आणि ‘सापडत नाही’ हे ऐकून जातात. सगळ्यांना त्याची सवय झाली आहे. मामा म्हणाले, त्यांना बघून आम्ही घड्याळ लावतो.

मी त्यांना आतून स्टूल दिलं आणि विचारलं, नेमकं काय हवंय. म्हणाल्या, माझी साक्ष. मुलगी हरवली तेव्हा मी कोर्टात तिच्याबद्दल सगळं सांगितलं होतं, नऊ पानं झाली होती. ते वाचायचंय.

मग जाळीला अगदी चिकटून, चोरून सांगावं तसं म्हणाल्या, बाई, मला मुलगी होती एवढं आठवतंय. पण नाव गेलं. चेहरा गेला. घरात फोटो होते, त्यांत नुसती खुर्ची दिसते. डॉक्टर म्हणतात वय झालं. शेजारी म्हणतात तुम्हाला मूलच नव्हतं. त्या नऊ पानांत तिचं नाव आहे, मी स्वतः सांगितलेलं.

त्या गेल्यावर यादी पाहिली. त्या सुमाराच्या सगळ्या वर्षांच्या फाइली मुदत संपल्यामुळे नष्ट करायच्या आहेत. गाडी येणार चोवीस तारखेला, दुपारी बाराला.

आजींना सांगितलं नाही. त्याआधी सापडेलच.

११ मार्च, मंगळवार

कपाळावर हात मारून घेतला! आपल्याकडे बस्ते निकालाच्या तारखेवर लावतात, खटला दाखल झाल्याच्या तारखेवर नाही. आजी देतात तो नंबर दाखल झाल्याच्या वर्षाचा. निकाल लागला तीन वर्षांनी. अकरा वर्षं प्रत्येकाने चुकीच्या रॅककडे एक नजर टाकली आणि सापडत नाही म्हणून सांगितलं. हे त्या म्हातारीला एकानेही सांगू नये?

अण्णांना विचारलं. फाइलीवरून मान वर न करता म्हणाले, काही फाइली न सापडलेल्याच बऱ्या. मी म्हटलं, खिडकीवरची पाटी मग उतरवून ठेवा.

१२ मार्च, बुधवार

सापडली. सर्वांत मागच्या रॅकला, वरून दुसऱ्या खणात. शिडीवर बसूनच वाचली.

आजींची मुलगी इथे कामाला होती. याच खोलीत नकलनवीस होती. एका सकाळी कामावर आली ती घरी परतलीच नाही. आजींनी अर्ज केला. ऑफिसने हजेरीपट दाखवला, त्यात तिचं नाव नाही. एका तरुण कारकुनाने शपथेवर सांगितलं, अशी बाई मी कधी पाहिली नाही. खाली सही अण्णांची.

आजींची साक्ष मात्र काय सुंदर आहे! मुलगी डावखुरी होती. तिच्या ओळी वर चढत जायच्या म्हणून शाळेत छड्या खायची. दुधाची साय लपून खायची आणि मिशी पुसायला विसरायची. आणि नाव. नाव आहे. तीन ठिकाणी आहे.

मला शाईचे डाग पडलेली डावी बाही आठवली.

निकाल एका वाक्याचा: ‘सदर कक्षात नकलनवीस म्हणून कोणतीही बाई कधीही कामास नव्हती.’

वाचून इतका राग आला की मोठ्याने म्हणाले, मग मी कोण आहे?

फाइल काढली की शेवटच्या पानावर सही करायची असते, परत ठेवली की पुढच्या रकान्यात तारीख. माझ्याआधी तीन सह्या आहेत, तिन्ही वेगळ्या हातांच्या. तिन्हींखाली पद एकच, नकलनवीस. परत केल्याची तारीख एकीपुढेही नाही.

मी चौथी सही केली. ठसठशीत.

१३ मार्च, गुरुवार

हजेरीपटात माझं नाव नव्हतं. काल होतं. वरच्या आणि खालच्या नावांच्या मध्ये जागासुद्धा नाही, जणू ते दोघे पहिल्यापासून शेजारी आहेत. अण्णांना दाखवलं. ते पटाकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही. मी शेवटी स्वतःच्या हाताने नाव लिहून सही केली.

चहा आला नाही. मामा ट्रे घेऊन माझ्या टेबलावरून सरळ पुढे गेले. गमतीने म्हटलं, मामा, माझ्यावर रुसलात का? त्यांनी मागे वळून शिडीकडे पाहिलं. शिडी कण्हली असं त्यांना वाटलं असावं.

१४ मार्च, शुक्रवार

साक्षीची नक्कल काढायला घेतली. झेरॉक्स मशीनमधून नऊ पानं आली. ओळी आहेत, पण जिथे मुलीचं नाव तिथे पांढरं. पुन्हा काढली. या वेळी ‘डावखुरी’ पण गेलं. तिसऱ्यांदा नऊ कोरी पानं.

हाताने लिहायला बसले. कोर्टाचा छापील कागद घेतला. सुकेपर्यंत शाई होती. मग नव्हती.

हजेरीपटातलं मी लिहिलेलं नावही गेलंय.

मामा येऊन माझ्या खुर्चीवर बसले. मी खुर्चीत होते. कशीबशी बाजूला झाले. त्यांचा खांदा माझ्यातून – नाही. घासून गेला. घासूनच गेला.

१५ मार्च, शनिवार

ताईला फोन केला. तिने उचलला. कोण बोलतंय, म्हणाली. मी म्हटलं, अगं मी, शेंबडी. तर म्हणाली, राँग नंबर आहे. मग थांबून अगदी मायेने विचारलं, तुम्ही रडताय का? कोण हवंय तुम्हाला?

मी म्हटलं, बहीण हवी आहे.

म्हणाली, मला बहीण नाही हो.

१७ मार्च, सोमवार

मी फाइल परत ठेवली.

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सकाळी ठेवली, रकान्यात तारीख घातली, बस्ता बांधला. अर्ध्या तासाने मामा चहा घेऊन आले. म्हणाले, बाई, दोन दिवस कुठे होतात, बरं नव्हतं का? हजेरीपटात नाव जागच्या जागी. ताईचा फोन आला. फोन का नाही करत गं, शिंप्याबिंप्याच्या प्रेमात पडलीस की काय, म्हणून कडकडून भांडली. मी तोंडावर हात दाबून ऐकत राहिले.

मग आजी आल्या.

मी सांगितलं, सापडत नाही, आजी.

त्या बरं म्हणाल्या. चिठ्ठीची घडी घातली. जाताना म्हणाल्या, गेल्या सोमवारी तुम्ही बसायला स्टूल दिलंत, तेवढ्यावर आठवडा छान गेला.

माझा चहा गार झाला.

१८ मार्च, मंगळवार

आता मला समजलंय. तो निकाल मिटलेला असला की झोपून असतो. जी उघडेल तिला तो लागू होतो. कोणतीही बाई, कधीही. त्या तिघी माझ्यासारख्याच कोणाच्या तरी ताया आणि शेंबड्या असणार. त्यांनी परतीची तारीख घातली नाही. म्हणजे त्या घाबरून मागे फिरल्या नाहीत.

मग मीच का मागे फिरायचं?

ताईला फोन केला, नुसत्याच गप्पा मारल्या. मिशी राहिलेल्या मुलीची गोष्ट सांगितली. खूप हसली. फोन ठेवताना नेहमीसारखं ‘ठेवू?’ म्हणाली. मी म्हटलं, थांब, अजून एकदा हाक मार. वेडी आहेस, म्हणाली. मारली.

मग शिडी चढले. परतीची तारीख खोडली. फाइल घेतली.

१९ मार्च, बुधवार

या वहीतली शाई उडत नाही! पहिल्या दिवसापासूनचं सगळं शाबूत आहे. वही कोर्टाची नाही, माझ्या पैशांची आहे. इथे त्या निकालाची सत्ता चालत नाही.

साक्ष वहीच्या मागच्या बाजूने उतरवायला घेतली. दोन पानं झाली. नाव टिकलंय. त्याच्यावरून बोट फिरवलं.

पेन जड झालंय. दोन्ही हातांनी धरावं लागतं.

२० मार्च, गुरुवार

शिंप्याने माझी खोली दुसऱ्याला दिली. माझी बॅग जिन्यात होती, ती कोणाची म्हणून तो बायकोला विचारत होता.

अण्णा आले. टेबलासमोर उभे राहिले. माझ्या थोडं डावीकडे बघत म्हणाले, बाई, असाल तर ऐका. ठेवून द्या. आजींच्या मुलीलाही अशाच एका फाइलीपायी मी हेच सांगितलं होतं. साक्षीच्या दिवशी ती माझ्या शेजारीच उभी होती, मला दिसत होती, आणि मी नाही म्हणालो. माझी नोकरी नवी होती हो.

रडत होते. दया आली. पण ठेवून द्यायची नाही.

चार पानं.

२१ मार्च, शुक्रवार

हाताचा पंजा दिसत नाही. पेन दिसतं, अक्षर उमटताना दिसतं. भीती वाटते – फार वाटते. मोठमोठ्याने वाचत लिहिते. घशातून आवाज –

पंख्याचाच आहे आवाज.

सहा पानं. साय, मिशी, छड्या, सगळं घेतलंय. एक अक्षर सोडणार नाही.

२२ मार्च, शनिवार

ताईचा नंबर आठवत नाही. ताईला – कोणत्या रंगाचं – तिचे डोळे –

नको. ते नंतर. आधी आजींचं.

आठ पानं. या खोलीत मी एकटी नाही. टेबलाच्या पलीकडे कोणीतरी ओळ संपेपर्यंत श्वास धरून उभं राहतं. डावीकडून वर चढत जाणारी ओळ माझ्या हातून आली, माझ्या ओळी सरळ असतात – घाबरले. मग बरं वाटलं. दमला होता हात. तिने धरला.

२४ मार्च, सोमवार

नऊ पानं. झाली!

शिक्का उचलवत नव्हता. आम्ही उचलला. किती जणींनी, माहीत नाही.

निकालाची पण नक्कल केली. कायद्याने करावीच लागते. त्याखाली लिहिलं: हे खोटं आहे. होती. तिच्यानंतर आणखी तिघी होत्या. मी पण होते. आहे.

गाडी बाहेर उभी आहे. मामा बस्ते नेतायत. अण्णा खिडकीकडे पाठ करून –

आजी आल्या. चिठ्ठी काढतायत. वहीचं मागचं पान उघडून, नाव वर येईल अशी, खिडकीच्या फटीत सरकवते आहे. वही अर्धी बाहेर, अर्धी माझ्याकडे, म्हणून हे लिहिता –

वाचतायत. ओठ हलतायत. नाव घेतलं. मोठ्याने. अकरा वर्षांनी – अण्णा वळले – आजी ओरडून ओरडून तिला हाक –

जाळीला कपाळ लावून आत बघतायत. विचारतायत, हे कोणी लिहिलं, आत कोणी आहे का?

आहे, आजी. इथेच. वही ओढून घ्या, नेऊन सगळ्यांना वाचून दाखवा, माझं नाव