तू पाठवलेल्या वाळूबद्दल

प्रिय ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (यातला साष्टांग अगदी खरा आहे. हे पत्र मी जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे, कारण टेबलावर शुभेच्छापत्रं वाळत आहेत, दोन्ही खुर्च्यांवर वाळत आहेत आणि पलंगावर, नेमक्या माझ्या झोपायच्या बाजूला, वाळत आहेत.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

ताई, वाळू पोचली. पोचली म्हणजे सगळीकडे पोचली. ही तुला फोनवर चिमूटभर वाळू आणि चार शिंपले पाठवा म्हणाली होती, हे मी स्वतः ऐकलं. तू समुद्राजवळ राहतेस हे मान्य, पण त्या समुद्राची तिथे काही अडचण होत होती का, म्हणून निम्मा आमच्याकडे पाठवलास? पोतं उघडलं त्या दिवसापासून आमचा चहा दाताखाली येतो. अंथरुणात वाळू, चष्म्याच्या घरात वाळू, मी कानात तेल घातलं तर तिथेही चिखल झाला. शिंपल्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यातल्या एकात मूळ मालक अजून राहत होता (राहत होता म्हणजे, वारला होता), आणि तो नेमका कुठल्या शिंपल्यात हे शोधायला मला एकेक शिंपला नाकाला लावावा लागला. सापडला तो अर्थातच शेवटून दुसऱ्या शिंपल्यात.

हे सगळं कशावरून सुरू झालं ते तुला फोनवर तुकड्यातुकड्यांत कळलं असेल, म्हणून नीट सांगतो. न्हाणीघरात घसरून हिचं उजवं मनगट मोडलं ते तुला माहीत आहे. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक रबरी चेंडू दाबायला दिला. हिने तो जेमतेम दोनदा दाबला आणि म्हणाली की चेंडूशी आपलं काही भांडण नाही. मग दिवसभर खिडकीशी बसून राहायची, हात मांडीवर ठेवून, जसा काही कुणा दुसऱ्याचाच सांभाळायला घेतला आहे. मी काही विचारलं की, "काही नाही," म्हणायची. तुला ठाऊक आहे, ही कधी एका वाक्यात थांबणारी बाई नव्हे. माझी झोप उडाली ती तेव्हा.

शेवटी शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनी धावून आल्या. त्या हल्ली शिवण सोडून शुभेच्छापत्रं करतात. त्यांनी हिच्यापुढे कागद टाकला, कात्री दिली आणि सांगितलं की दुमड, काप, चिकटव, बोटं आपोआप वळतील. त्यांच्याकडे निळा कागद उरला होता म्हणून समुद्र. (पिवळा उरला असता तर वाळवंट झालं असतं, आणि वाळू तरीही तूच पाठवली असतीस.) मी हाताखालचा माणूस. वाळू चाळायची, डिंक पातळ करायचा, ब्रश धुवायचे आणि मत विचारलं तर "छान" म्हणायचं.

यातलं शेवटचं काम मला जमलं नाही. मी आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले, ताई. मला भिंत तिरकी दिसली की हात शिवशिवतात. हिने एक दीपस्तंभ चिकटवला होता, तो असा कलला होता की आतल्या माणसाला सामान भिंतीवर ठेवावं लागलं असतं. ही आत गेली तेव्हा मी तो अलगद सोडवून, पट्टी लावून, काटकोनात बसवला. लाटाही जरा एका उंचीच्या कापल्या. चांगलंच केलं, असं मला वाटलं.

हिने पाहिलं, आणि रागावली असती तर बरं झालं असतं. "माझ्या हाताला जेवढं सरळ येतं तेवढं सरळ केलं होतं मी," एवढंच म्हणाली, आणि सगळं सामान खोक्यात भरून खोकं माळ्यावर टाकायला सांगितलं.

पुन्हा खिडकी. पुन्हा "काही नाही." मी वहिनींना मध्यस्थी करायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या की दीपस्तंभ ज्याने हलवला त्यानेच निस्तरावं. मग मी खोकं उतरवलं आणि स्वतःच एक पत्र केलं. डाव्या हाताने. समुद्रात एक जहाज, वर सूर्य, खाली "माफ कर". घाम फुटला, ताई. कात्री एकीकडे, कागद दुसरीकडे. ते मी हिच्या चहाच्या कपाला टेकवून ठेवलं.

हिने ते उचलून उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाली, "ही इस्त्री समुद्रात कशी पडली?" मी म्हटलं, जहाज आहे. त्यावर ही जी हसायला लागली ती चहा निवेपर्यंत. मग डोळे पुसून विचारलं, "आणि उजवा हात कुठं ठेवला होता?"

त्या दिवसापासून कारखाना पुन्हा जोरात आहे. काल पहिलं पाकीट टाकायला टपाल कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाबांनी शिक्का असा हाणला की आतला शिंपला कडाडला आणि वाळू त्यांच्या वजनकाट्यावर सांडली. आत काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, समुद्रकिनारा. त्यांनी खिडकीवर "जेवणाची सुट्टी" ही पाटी लावली. सकाळ होती.

असो. थकलो आहे. कळावे. लोभ असावा, पण तो पार्सलने पाठवू नये.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. खरं काम राहिलंच. वाळू संपत आली आहे आणि ही तुला फोन करणार आहे. मिळत नाही म्हणून सांग. समुद्र दुरुस्तीसाठी बंद आहे म्हण, काहीही म्हण. मला एकदा पलंगावर झोपायचं आहे.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं. हात मोडल्यापासून हिची वेणी मी घालतो. आज सकाळी नेहमीसारखा कंगवा घेऊन मागे जाऊन उभा राहिलो, तर वेणी घातलेली. तिची तिने. सैल होती, पण वेणी होती. मी तसाच उभा. ही म्हणाली, "आता काय, स्वतःची घालताय?" (माझ्या डोक्याची अवस्था तू जाणतेसच.) तेव्हा वरचा ताजा कलम खोडला असं समज आणि वाळू पाठव. भावोजींना उचलवेल तेवढी.